पिवळ्या दिव्याची साक्ष : सोलापूरच्या मोटारीतील एका खुणेचा इतिहास

१/ सोलापुरातील सात रस्ता चौकात सिग्नलला थांबलेल्या एखाद्या मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराची पिवळी खूण उजळते. गाडी नीट चालत असते. आवाज नाही, धक्का नाही. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला जातो, पडद्यावर ऑक्सिजन सेन्सरचे नाव दिसते, सेन्सर बदलला जातो आणि दिवा विझतो. पंधरा दिवसांनी तो पुन्हा लागतो. पैसे खर्च होऊनही न जाणारा हा दिवा मुळात कोणी, कोणासाठी आणि कशासाठी लावला, त्याचा हा इतिहास. #थ्रेड

२/ या इतिहासात जर्मनीतील एक प्रयोगशाळा, लॉस एंजेलिसचे धुरकट आकाश, स्वीडनची एक मोटार कंपनी, दिल्लीतील सर्वोच्च न्यायालय आणि पुण्याच्या टेकडीवरील एक संस्था येते. सोलापूरलाही त्यात स्वतःची जागा आहे. १ एप्रिल २०१० रोजी भारत स्टेज ४ हे प्रदूषणाचे कडक निकष देशात सर्वप्रथम ज्या १३ शहरांत लागू झाले, त्या यादीत दिल्ली, मुंबई, कोलकाता यांच्या बरोबरीने सोलापूरचे नाव होते. सोलापूरच्या वाहनांचा नोंदणी क्रमांकही एमएच-१३. हा निव्वळ योगायोग; यादीत नाव येण्याचे कारण मात्र योगायोगाचे नव्हते. ते पुढे येईल.

३/ प्रारंभ १८९० च्या दशकातील ग्योटिंगेन विद्यापीठात होतो. वाल्थर नेर्न्स्ट हे रसायनशास्त्रज्ञ तेथे एका पांढऱ्या, चिनी मातीसारख्या दिसणाऱ्या पदार्थावर काम करीत होते. झिर्कोनियमच्या ऑक्साइडमध्ये यिट्रियमचे ऑक्साइड मिसळून त्याची कांडी केली, तर थंड असताना ती विजेला दाद देत नाही. तापवली की तिच्यातून वीज वाहू लागते आणि ती लख्ख प्रकाशते. १८९७ च्या सुमारास नेर्न्स्ट यांनी यातून विजेचा दिवा तयार केला. एईजी या जर्मन कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तो झळकला.

४/ धातूच्या तारेचे दिवे सुधारताच नेर्न्स्ट यांचा दिवा बाजारातून नाहीसा झाला. पदार्थ मात्र शिल्लक राहिला. त्या कांडीतून वीज वाहते ती ऑक्सिजनच्या आयनांच्या हालचालीमुळे, हे पुढे स्पष्ट झाले. म्हणजेच अशा पदार्थाच्या भिंतीच्या एका बाजूला ऑक्सिजन जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असेल, तर दोन्ही बाजूंमध्ये विजेचा दाब निर्माण होतो. तो किती असेल, हे सांगणारे समीकरणही नेर्न्स्ट यांचेच, १८८९ चे. त्यांना १९२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते स्वतः मोटारींचे मोठे शौकीन होते. पण आपला पदार्थ एक दिवस प्रत्येक मोटारीच्या धुरांड्यात बसेल, याची त्यांना कल्पना असणे शक्य नव्हते.

५/ धुरातील ऑक्सिजन मोजण्याची गरज निर्माण झाली ती अमेरिकेत. जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिसवर असे दाट धुरके उतरले, की युद्धाच्या त्या दिवसांत लोकांना शत्रूने विषारी वायू सोडल्याची शंका आली. डोळे चुरचुरत होते, घसा जळत होता. पण दोषी सापडत नव्हता. अननसाच्या स्वादाचे रसायन अभ्यासणारे आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी त्याचा उलगडा केला. मोटारींच्या नळीतून निघणारी अर्धवट जळालेली हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे सूर्यप्रकाशात एकत्र येऊन हे धुरके बनते, असे त्यांनी दाखवले. पुढे कॅलिफोर्नियाच्या वायुसंसाधन मंडळाचे ते पहिले अध्यक्ष झाले.

६/ १९७० च्या अखेरीस अमेरिकेत स्वच्छ हवेचा नवा कायदा झाला. मोटारींचे विषारी उत्सर्जन सुमारे ९० टक्क्यांनी कमी करावे, अशी त्याची मागणी होती. १९७५ च्या मॉडेलपासून गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागले. मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळीवर प्लॅटिनमसारख्या धातूंचा मुलामा, आणि त्यावरून जाणाऱ्या धुराचे शुद्धीकरण, अशी त्याची रचना. पेट्रोलमधील शिसे या मुलाम्याचा नाश करते. म्हणून कन्व्हर्टर आला तसे शिसेविरहित पेट्रोलही आणावे लागले. इंधन आणि यंत्र यांचे हे नाते पुढे सोलापूरच्या कथेतही दिसते.

७/ येथे एक रासायनिक पेच उभा राहिला. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बने निरुपद्रवी करायची, तर त्यांना ऑक्सिजन द्यावा लागतो. नायट्रोजनची ऑक्साइडे निरुपद्रवी करायची, तर त्यांच्याकडून ऑक्सिजन काढून घ्यावा लागतो. एकाच डब्यात ही दोन्ही कामे करायची, तर इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण अगदी अरुंद पट्ट्यात ठेवावे लागते. १ किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा, हे ते प्रमाण. कार्बोरेटरला हे साधत नव्हते. प्रत्येक क्षणी धुराची परीक्षा करून ‘पेट्रोल वाढवा’, ‘पेट्रोल कमी करा’ असे सांगणारा कोणीतरी हवा होता.

८/ तो मिळाला १९७६ मध्ये. बॉश कंपनीने तयार केलेला ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे ‘लॅम्डा सोंड’, व्होल्व्होने अमेरिकेत विकायच्या आपल्या गाड्यांत प्रथम बसवला. कंपनीला त्याचा इतका अभिमान, की गाडीच्या पुढच्या जाळीवर ‘लॅम्डा सोंड’ अशी पाटी लावली गेली. भारतात २००० च्या आगेमागे गाड्यांच्या पाठीवर ‘एमपीएफआय’ ही अक्षरे जशी मिरवत, तसाच तो प्रकार. सेन्सरच्या टोकाला शिवणकामातील अंगुस्तानाएवढी एक टोपी असते. ती नेर्न्स्ट यांच्याच झिर्कोनियाची. बाहेरून धूर, आतून स्वच्छ हवा.

९/ धुरात ऑक्सिजन कमी, म्हणजे पेट्रोल जास्त झाले, की सेन्सर सुमारे ०.८ ते ०.९ व्होल्ट देतो. धुरात ऑक्सिजन जास्त, म्हणजे पेट्रोल कमी पडले, की तो ०.१ ते ०.२ व्होल्टपर्यंत उतरतो. गाडीचा संगणक त्यानुसार पेट्रोल बदलतो, सेन्सर पुन्हा उत्तर देतो, आणि हा संवाद सतत चालू राहतो. निरोगी सेन्सरचा आलेख त्यामुळे वरखाली झुलत असतो. तो एका जागी गोठला, की संशय घ्यावा.

१०/ नेर्न्स्ट यांच्या दिव्याचा स्वभाव मात्र या टोपीने सोडलेला नाही. थंड असताना ती मुकी असते. साधारण ३०० अंश सेल्सियसच्या वर तापल्यावरच बोलते. मूळ दिव्याला पेटण्यासाठी तापवणारी वेगळी तार लागत असे. १९८२ पासून सेन्सरलाही स्वतःचा हीटर मिळाला. आज स्कॅनरवर दिसणारा ‘पी ०१३५’ हा कोड याच हीटरच्या मंडलातील बिघाडाचा असतो. अशा वेळी फ्यूज किंवा वायर तपासण्याआधी संपूर्ण सेन्सर बदलणे म्हणजे नव्या सेन्सरला जुन्याच तुटक्या वायरीशी जोडणे होय.

११/ दिवा आला तो कायद्याच्या एका अडचणीतून. नवी गाडी प्रयोगशाळेत निकष पाळते; पण चार-पाच वर्षांनी रस्त्यावर तिचे काय होते? सेन्सर मेला तरी गाडी चालते. कन्व्हर्टर निकामी झाला तरी मालकाला पत्ता लागत नाही. त्रास होतो तो हवेला, आणि हवा गॅरेजमध्ये तक्रार घेऊन येत नाही. म्हणून कॅलिफोर्नियाने नियम केला : १९८८ च्या मॉडेलपासून गाडीने स्वतःच स्वतःची तपासणी करावी आणि बिघाड झाल्यास चालकासमोर दिवा लावावा. जनरल मोटर्सच्या गाड्यांत असा दिवा १९८१ च्या सुमारास आला होता. आता तो कायद्याचा झाला.

१२/ पहिली व्यवस्था अपुरी ठरली. प्रत्येक कंपनीचे कोड वेगळे, जोडणीचे खटके वेगळे. शिवाय कन्व्हर्टरची झीज तिला कळतच नसे. दुसरी पिढी, ओबीडी-२, १९९६ पासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना बंधनकारक झाली. १६ पिनांचा एकच खटका आणि सर्वांसाठी समान कोड. १९९० च्या सुधारित कायद्याने आणखी एक महत्त्वाची गोष्ट केली. ही माहिती कंपनीच्या कुलपात राहू नये, बाहेरच्या कारागिरालाही मिळावी, असे त्यात नमूद झाले. आज सोलापूरच्या लहानशा गॅरेजमधला कारागीर स्वस्तातला स्कॅनर लावून कोणत्याही कंपनीच्या गाडीचा कोड वाचू शकतो, त्यामागे हा समान खटका आहे.

१३/ या व्यवस्थेचे दोन नियम इतिहासाच्या विद्यार्थ्याला ओळखीचे वाटतील. पहिला : एका साक्षीवर विसंबायचे नाही. बहुतेक बिघाड सलग दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय दिवा लागत नाही. आणि सलग तीन फेऱ्यांत दिसला नाही, तर तो आपोआप विझतो. दुसरा : दिवा इंजिनाच्या सुखदुःखासाठी नाही. अमेरिकी नियमानुसार बिघाडामुळे उत्सर्जन मर्यादेच्या साधारण दीडपट होण्याची शक्यता असेल, तेव्हा तो लागला पाहिजे. ‘गाडी तर छान चालते’ ही मालकाची तक्रार म्हणूनच खरी असते, आणि दिवाही खरा असतो.

१४/ आता भारत. १९८५ मध्ये वकील एम. सी. मेहता यांनी दिल्लीच्या हवेबाबत सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. पुढील अनेक वर्षे तिच्या सुनावणीतून देशाच्या वाहनधोरणाला वळण मिळत गेले. १९९१ मध्ये पेट्रोल गाड्यांच्या उत्सर्जनाचे पहिले व्यापक निकष आले. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बंधनकारक झाला. त्या काळातील अनेक गाड्या कार्बोरेटरच्याच होत्या. म्हणजे शुद्धीकरणाचा डबा आला, पण प्रमाण सांगणारा सेन्सर नाही. संपूर्ण देशातून शिसेयुक्त पेट्रोल गेले ते फेब्रुवारी २००० मध्ये. तोवर महानगराबाहेर चुकीच्या पंपावर टाकी भरली, तर कन्व्हर्टर कायमचा निकामी होण्याचा धोका होता.

१५/ सप्टेंबर २००१ मध्ये केंद्र सरकारने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली वाहन-इंधन धोरणाची समिती नेमली. माशेलकर हे गोव्यातील माशेलचे, मुंबईत शिकलेले, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे माजी संचालक. समितीचा अहवाल २००२ मध्ये आला. त्याचा गाभा असा : कडक निकष आधी मोठ्या शहरांत, नंतर देशभर. त्यासाठी ११ शहरे धरली गेली. महाराष्ट्रातून मुंबई आणि पुणे. सोलापूर त्या यादीत नव्हते.

१६/ ऑगस्ट २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची आकडेवारी आली. श्वासावाटे छातीत जाणाऱ्या सूक्ष्म धूलिकणांचे प्रमाण ज्या शहरांत चिंताजनक होते, त्यांत अहमदाबाद, कानपूर, लखनौ यांच्यासह सोलापूरचे नाव निघाले. १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी सुरू झालेले, चादरी आणि टॉवेलांसाठी देशभर माहीत असलेले हे शहर आता वेगळ्याच कारणाने दिल्लीतील कागदपत्रांत पोहोचले. कालांतराने ११ च्या यादीत लखनौ आणि सोलापूर यांची भर पडली आणि ती १३ शहरांची झाली.

१७/ १ एप्रिल २०१० पासून सोलापुरात नोंदणी होणाऱ्या नव्या मोटारींना भारत स्टेज ४ लागू झाला. त्याच्यासोबत स्व-तपासणीची पहिली पायरी, ओबीडी-१, आली. इंजेक्शनच्या काही गाड्यांत हा दिवा आधीही असे. पण तो कंपनीच्या मर्जीने. आता तो नियमाने आला. पहिल्या पायरीत प्रामुख्याने वायरिंग तुटले आहे का, भाग जोडलेला आहे का, एवढे पाहिले जाई. १ एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ आला, आणि दिव्याला उत्सर्जनाच्या मर्यादेची जाण आली. कन्व्हर्टरच्या पुढे एक आणि मागे एक, असे दोन सेन्सर पेट्रोल मोटारींत नित्याचे झाले.

१८/ याच काळात सोलापूर हे नियमांच्या समुद्रातील बेट होते. शहरात भारत स्टेज ४ चे पेट्रोल, त्यात गंधक दशलक्ष भागांत जास्तीत जास्त ५०. सुमारे ४५ किलोमीटरवरील तुळजापूर दुसऱ्या जिल्ह्यात. तेथे भारत स्टेज ३ चे निकष, गंधक १५० पर्यंत. गंधक कन्व्हर्टरची कार्यक्षमता मंदावते. देवीच्या दर्शनाला जाऊन वाटेत टाकी भरणाऱ्या भाविकाला ही अदृश्य सीमा जाणवण्याचे कारण नव्हते. गाडीला मात्र ती ओलांडावी लागे. गाडी एका निकषाची आणि इंधन दुसऱ्या निकषाचे, ही १९९५ ची अडचण सौम्य रूपात पुन्हा आली होती.

१९/ आणखी एक फट होती. शहरांसाठी केलेल्या या नियमांतून राष्ट्रीय परवान्यावर किंवा आंतरराज्य परवान्यावर धावणारी चारचाकी वाहतूक वाहने वगळलेली होती. सोलापूर हे पुणे–हैदराबाद आणि विजयपूर–धुळे या मार्गांच्या तिठ्यावरचे शहर. म्हणजे स्थानिक कुटुंबाच्या नव्या मोटारीवर दिव्याचा पहारा, आणि शहराला स्पर्शून जाणारा डिझेलचा ट्रक जुन्याच निकषांचा. १ एप्रिल २०१७ रोजी भारत स्टेज ४ देशभर लागू झाला, तेव्हा ही सीमा पुसली गेली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ आला. जुनी वाहने अर्थात एका दिवसात रस्त्यावरून जात नाहीत.

२०/ या कथेतील सर्वांत मोठी विसंगती येथेच आहे. सोलापूर यादीत आले ते धुळीमुळे. पेट्रोल गाडीतील ऑक्सिजन सेन्सर धूळ मोजत नाही. त्याचा अधिकार कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यापुरता. हवेतील सूक्ष्म कणांत रस्त्यावर उडणारी माती, बांधकामाचा चुरा, जाळलेला कचरा आणि डिझेलची काजळी या सर्वांचा वाटा असतो. कमी पावसाच्या, कोरड्या प्रदेशातील शहरात मातीचा वाटा दुर्लक्षून चालत नाही. न्यायालयासमोर फिर्याद धुळीची होती. मोटारीत बसवलेला साक्षीदार मात्र वायूंचा होता.

२१/ याचा अर्थ तो साक्षीदार निरुपयोगी असा नाही. कार्बन मोनॉक्साइड रक्तातील ऑक्सिजनची जागा बळकावतो, आणि हायड्रोकार्बने व नायट्रोजनची ऑक्साइडे उन्हात मिळून जमिनीलगत ओझोन तयार करतात. सोलापूरच्या उन्हाची तीव्रता वेगळी सांगायला नको. फक्त साक्षीदाराला त्याने पाहिलेलेच विचारावे. मोटारीच्या दुरुस्तीतही नेमकी हीच चूक वारंवार होते, आणि दिवा परत येतो.

२२/ उदाहरणार्थ ‘पी ०१७१’. अर्थ : मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. ही बातमी सेन्सरने दिली, म्हणून सेन्सर बदलला जातो. पण एक्झॉस्टच्या नळीला सेन्सरच्या आधी बारीक चीर असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला खरोखरच जास्त ऑक्सिजन दिसतो आणि तो तसे प्रामाणिकपणे सांगतो. इंजिनाच्या हवेच्या मार्गातील फुटका रबरी पाइप, मंदावलेला पेट्रोल पंप किंवा हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसलेली धूळ, यांतूनही हाच कोड येतो. साक्ष खरी असते, तिचा लावलेला अर्थ चुकलेला असतो.

२३/ ‘पी ०४२०’ हा दुसरा नेहमीचा कोड. मागच्या सेन्सरचा आलेख स्थिर असायला हवा, कारण कन्व्हर्टर ऑक्सिजनचे चढउतार पचवतो. मागचा सेन्सरही पुढच्यासारखाच झुलू लागला, तर संगणक निष्कर्ष काढतो की कन्व्हर्टर थकला. तरीही थेट महागडा कन्व्हर्टर घेण्याआधी एक प्रश्न उरतो : तो थकला कशामुळे? स्पार्क प्लग नीट न पेटल्याने न जळलेले पेट्रोल त्यात जाऊन जळत असेल, किंवा इंजिन ऑइल खात असेल, तर नवा कन्व्हर्टरही त्याच वाटेने जाईल. दिवा स्थिर न राहता लुकलुकू लागला, तर ती बहुधा याच न पेटणाऱ्या प्लगची निकडीची सूचना असते. अशा वेळी गाडीवर जोर देऊ नये.

२४/ इतिहासाचे साधन तपासताना जो क्रम पाळला जातो, तोच येथे उपयोगी पडतो. आधी कोड लिहून घ्यावा, पुसू नये. कोडबरोबर साठवलेली त्या क्षणाची नोंद, म्हणजे वेग, तापमान, इंजिनाचे फेरे, वाचावी. दोन्ही सेन्सरांचे आलेख चालत्या गाडीत पाहावेत. मग फ्यूज, वायर, खटके. मग हवेच्या आणि धुराच्या मार्गातील गळती. मग प्लग आणि इंधन. या सर्वांतून सेन्सर दोषी ठरला, तरच तो बदलावा. तो दोषी ठरतोही. वर्षानुवर्षे काजळी, ऑइलची राख आणि उष्णता सोसून तो मंद होतो. फक्त त्याच्यावरचा आरोप आधी सिद्ध व्हावा.

२५/ साक्षीदाराचे तोंड बंद करण्याचे मार्गही आहेत. नुसता कोड पुसला की दिवा विझतो. पण त्याबरोबर तपासणीच्या पूर्ण झालेल्या नोंदीही पुसल्या जातात आणि गाडी पुन्हा पहिल्यापासून पुरावे जमवू लागते. पंधरा दिवसांनी परतणाऱ्या दिव्याचे हे एक सामान्य कारण. मागचा सेन्सर धुराच्या झोतापासून दूर सरकवून त्याला फसवणे, किंवा कन्व्हर्टर आतून रिकामा करणे, हे त्यापुढचे प्रकार. पीयूसीची चाचणी काही मिनिटांची असते. दिवा प्रत्येक फेरीत पाहत असतो, म्हणूनच त्याला फसवण्याचा मोह होतो.

२६/ हा मोह केवळ गल्लीतल्या गॅरेजचा नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकी पर्यावरण संस्थेने फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतील लबाडी उघड केली. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवणारी आज्ञावली त्यांत होती. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या त्यात सापडल्या. भारतात १९६६ मध्ये स्थापन झालेल्या, पुण्याच्या वेताळ टेकडीवरील ‘एआरएआय’ या संस्थेने गाड्या तपासल्या, आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने येथील सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची घोषणा केली. डॅशबोर्डवर दिवा नसणे हा निर्दोषत्वाचा पुरावा नाही, हे त्या प्रकरणाने शिकवले.

२७/ सोलापूर जिल्ह्यापुरता आणखी एक धागा. उसाच्या आणि साखर कारखान्यांच्या या जिल्ह्याला इथेनॉल परके नाही. फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशात टप्प्याटप्प्याने येऊ लागले. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. त्यामुळे शुद्ध पेट्रोलला लागणारे १४.७ चे प्रमाण या मिश्रणाला सुमारे साडेतेरावर येते. चालकाला काहीही न कळता हा फरक भरून काढतो तो ऑक्सिजन सेन्सर. मात्र संगणकाच्या दुरुस्तीला मर्यादा असते. आधीच एखादी गळती असलेल्या गाडीत ही भर पडली, तर ती मर्यादा ओलांडली जाऊन दिवा लागू शकतो. तेव्हा दोष नव्या इंधनाला देण्याआधी जुनी गळती शोधावी.

२८/ जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेचे निकष न पाळणाऱ्या १०२ शहरांच्या पहिल्या यादीत सोलापूर पुन्हा होते. २००३ ची यादी आणि २०१९ ची यादी यांच्या दरम्यान शहरातील नवी मोटार दोनदा बदलली, पेट्रोल बदलले, दिवा आला. फिर्यादीतील मूळ मुद्दा, धूळ, मात्र तसाच राहिला. उघड्या रस्त्याच्या कडेला, कचऱ्याच्या ढिगाला किंवा बांधकामाच्या वाळूला डॅशबोर्ड नसतो. त्यांच्यासाठी दिवा लावायचा, तर तो महापालिकेच्या आणि नागरिकांच्या टेबलावरच लागेल.

२९/ नेर्न्स्ट यांच्या प्रयोगशाळेतील पांढऱ्या कांडीपासून सात रस्त्यावरच्या पिवळ्या खुणेपर्यंत सव्वाशे वर्षे होतात. कांडी प्रकाशासाठी जन्मली आणि साक्षीसाठी उरली. आज ती जे सांगते ते थोडे आणि नेमके असते : या क्षणी, या नळीत, ऑक्सिजन इतका. त्यापुढचा शोध माणसाने घ्यायचा. तो न घेता दिवा विझवला, तर गाडी पूर्वीसारखीच छान चालते आणि मागे उभ्या असलेल्या रिक्षावाल्याच्या छातीत काय जाते आहे, ते डॅशबोर्डवर दिसत नाही.

#सोलापूर #इतिहास #विज्ञानाचा_इतिहास